पार्वतम्माच्या मागच्या भिंतीचा तारांकित प्रश्न

पार्वतम्माच्या घरी पाहुणा येणार म्हटलं की बोरतळीतल्या माश्यासुद्धा आपण होऊन शेजारी निघून जातात, असं तिचा पुतण्या मन्मथ म्हणतो. मन्मथचं एसटीच्या थांब्यासमोर किराणा दुकान आहे, आणि दुकानदाराला गिऱ्हाईक येईपर्यंत काहीतरी बोलत बसावं लागतं, म्हणून त्यातलं थोडं सोडून द्यावं. पण फार सोडू नये. उदगीरहून देगलूरकडं जाताना आत वळलं की लागणाऱ्या या गावात सारवणाचा वास सकाळी सगळ्यात आधी येतो तो पार्वतम्माच्या दारातूनच.

ती लग्न होऊन कानडी मुलखातल्या भालकीकडून आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. सासूनं तिला मराठी शिकवायच्या आधी एक नियम शिकवला. पाहुण्याला घराचं दुखणं दाखवू नये. पाहुणा चहा प्यायला येतो, तपासायला येत नाही. हा नियम पार्वतम्मानं असा काही धरला की सासू जाऊन कैक वर्षं झाली तरी तो गेला नाही. नवरा संगप्पा वारला त्या दिवशी माणसं जमायच्या आत तिनं अंगण झाडलं आणि मग रडायला बसली. एकदा मनगट मोडलेलं असताना तिनं पाहुण्यांना डाव्या हातानं चहा दिला. हात का बदलला असं कुणी विचारलं, तर उजव्या हातानं देऊन देऊन कंटाळा आला म्हणाली. दारात येणारा प्रत्येक माणूस विचारतो, बरं हाय का? त्यावर पार्वतम्माचं उत्तर ठरलेलं. बरं हाय. बर्री, बसा. 'या' तेवढं कानडीच राहिलं.

अशा बाईच्या घराची मागची भिंत पडली.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली विटांची, मागची मातीची, आणि तिच्या मागं ओढा. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला असं पाणी आलं की गावातली म्हातारी माणसंसुद्धा 'आमच्या वेळी यापेक्षा मोठं होतं' म्हणायला विसरली. सोयाबीन पाण्याखाली गेलं, ते पाण्याखालीच कुजलं. पार्वतम्माच्या मागच्या खोलीत गुडघाभर पाणी दोन दिवस राहिलं आणि ओसरलं. मग पंचनाम्याला तलाठी आला. सरकारनं तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण त्यानं यायची वेळ बदललेली नाही. तो आला तेव्हा भिंत उभी होती. बरं हाय का काकू, असं त्यानं विचारलं. पार्वतम्मा काय म्हणाली ते सांगायला नको.

मातीच्या भिंतीची एक खोड असते. ती भिजली की पडत नाही, वाळायला लागली की पडते. चार दिवसांनी कडक ऊन पडलं आणि दुपारी भिंत ओढ्याच्या बाजूला बसली. तहसीलमध्ये चौकशी केली, तर पूर तर ओसरला होता, उन्हात पडलेली भिंत पुरात कशी धरायची, असं उत्तर मिळालं. म्हणजे भिंतीनंच थोडी घाई करायला हवी होती.

लातूरला राहणाऱ्या तिच्या एकुलत्या एका लेकीला, शिवकन्याला, हे आईकडून कळलंच नाही. रोज फोनवर 'बरं हाय' चालू होतं. कळलं ते मन्मथकडून, तेही पंधरवड्यानं. शिवकन्या तशीच गाडी करून आली, मागच्या खोलीत उभी राहिली, आणि भिंतीच्या जागी ओढा बघून रडली आणि मग चिडली.

"अव्वा, तू भिंतीखाली दबली असतीस तरी आतून 'बरं हाय' म्हणली असतीस."

"आता लई बोलू नको. चहा टाकते."

"चहा नगं मला. संक्रांतीपर्यंत भिंतीचं न्हाई झालं, तर मी तुला लातूरला घेऊन जाणार. ह्या घराला कुलूप."

पार्वतम्माला कुलपाची भीती वाटली. लेकीच्या घरी जाऊन राहायचं तिच्या मनातच बसेना. जावई क्लासमध्ये शिकवतो, शांत, देवमाणूस. तो चांगला होता हीच मोठी अडचण होती. वाईट जावयाकडं न राहायला कारण तरी सांगता येतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भांड्याला बाई, सकाळी सडा टाकायचा म्हटलं तर तो खालच्या माणसाच्या डोक्यावर पडायचा. तिथं पार्वतम्मा स्वतःच पाहुणी होणार होती, आणि पाहुणा कसा सांभाळायचा हे माहीत असलं तरी पाहुणा कसं व्हायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच्या चुलीजवळ मरायचं, एवढीच तिची इच्छा होती.

मदतीला आला मन्मथ. मन्मथला राजकारणाचा नाद आहे. अधिवेशन चालू असलं की तो दुकानात मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि विधानसभा लावतो. गिऱ्हाइकानं पाव किलो शेंगदाणे मागितले तरी 'लक्षवेधी चालू हाय, थांबा' म्हणतो. पुरानंतर आमदारसाहेब गावात आले तेव्हा त्यानंच त्यांना पार्वतम्माच्या मागच्या खोलीत नेलं आणि पडक्या भिंतीत उभं करून फोटो काढला. आमदार विरोधी पक्षाचे. त्यांना पडकी भिंत सोन्यासारखी वाटली.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं आणि आमदारांचा तारांकित प्रश्न लागला. मन्मथनं तो दुकानाच्या फळीवर बसलेल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. उदगीर तालुक्यातील मौजे बोरतळी येथे पुरानंतर घरे पडून नागरिक बेघर झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, श्रीमती पार्वतम्मा संगप्पा यांच्यासारख्या विधवा महिलेस घरकुल न देण्याची कारणे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

गाव भारावलं. पार्वतम्माचं नाव नागपूरला छापून आलं होतं, आणि ते 'श्रीमती' लावून. त्या आठवड्यात गावात दुसरी भाषाच चालली नाही. उसने नेलेले पैसे मागितले की समोरचा म्हणायचा, हे अंशतः खरे आहे.

मग तहसीलमधून निरोप आला. उद्या सकाळी साहेब पाहणीला येणार. नागपूरला उत्तर द्यायचं असतं तेव्हा एरवी महिनोन्महिने न हलणारी जीप एका रात्रीत सुरू होते. मन्मथ धावत पार्वतम्माकडं आला.

"काकू, हात जोडतो. कशाला हात लावू नको. जसं पडलंय तसं राहू दे. ढिगारा, वाळलेला गाळ, समदं. साहेबाला दिसलं पायजे."

"हाव."

"झाडायचं न्हाई."

"हाव म्हणले न्हवं?"

सकाळी मन्मथ ग्रामसेवकाला आणायला उदगीरला गेला. ही त्याची चूक. पार्वतम्मा उठली आणि खरंच काही न करता उंबऱ्यावर बसली. बसून बसून तिला वाटलं, साहेब येणार, निदान दारापुढं तरी झाडावं. दार तर भिंत नाही. झाडल्यावर सडा टाकला, सडा टाकल्यावर रांगोळी नको का. रांगोळी इतकी सुरेख आली की तिच्यावरून आत आलेल्या माणसाला गाळ दाखवणं तिला बरं वाटेना. मग ढेकळं एका बाजूला रचली. मग जमीन सारवली. मग पितळेची भांडी चिंचेनं घासून मांडली. आणि मग राहिलं ते मागचं भगदाड, त्यातून दिसणारा ओढा, आणि ओढ्यातलं सगळं.

शेजारच्या शिवगंगेला तिनं हाक मारली. शिवगंगेचा नवरा वैजनाथ मंडप-डेकोरेशनवाला. लग्न नसलं की त्याचे पडदे घरात पडून असतात. शिवगंगा चुणीदार, केशरी-पांढरा पडदा घेऊन आली, आणि दोघींनी तो भगदाडावर असा ताणून बांधला की मागच्या खोलीत कुणाचं तरी लग्न आहे असं वाटावं.

"पार्वतम्मा, ह्ये बरोबर हाय का? साहेब भिंतच बघायला यायलेत ना?" शिवगंगेनं एकदा विचारलं.

"भिंत का पळून जायलीय? आधी बसू दे त्यांना, खाऊ दे. मग सांगू हळूच."

साहेब आले. जीपमधून मंडळ अधिकारी, मागं तलाठी. पार्वतम्मानं पाय धुवायला पाणी दिलं, शेजारून आणलेल्या खुर्च्या पुसून दिल्या, आणि सुशीला पुढं ठेवली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना हिरव्या मिरचीची फोडणी, वरून दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. मंडळ अधिकाऱ्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यानं दुसरी बशी घेतली. मग उठून मधल्या दारातून मागं डोकावला, घासलेली भांडी आणि पडदा बघितला, आणि म्हणाला, "वा आजी, घर काय ठेवलंय. काही कार्यक्रम आहे का?"

"न्हाई, असंच."

"बाकी बरं आहे ना? काही तक्रार?"

दाराशी उभ्या शिवगंगेनं खोकून पाहिलं. पार्वतम्मानं तोंड उघडलं आणि आतून जे बाहेर पडलं ते सासूचं होतं. "तक्रार कशाची साहेब? बरं हाय समदं. चहा घ्या."

मन्मथ आला तेव्हा जीप वळून चालली होती.

"काकू, भिंत दाखवलीस?"

पार्वतम्मा बशा गोळा करू लागली.

"मग काय दाखवलंस?"

"सुशीला," शिवगंगा म्हणाली.

प्रश्न सभागृहात आला त्या दिवशी दुकानापुढं एवढी माणसं होती की एसटीला थांबायला जागा नव्हती. पार्वतम्माला पुढं पोत्यावर बसवलं होतं. आधी सोयाबीनवर झालं. कुजलेल्या सोयाबीनबद्दल मंत्र्यांनी सांगितलं की शासन संवेदनशील आहे. म्हणजे यंदाही काही मिळत नाही, एवढं पब्लिकला कळलं. मग बोरतळी आली. महसूलमंत्री उठले, कागदातून वाचू लागले. हे खरे नाही. सदर महिलेच्या घराची प्रत्यक्ष पाहणी केली असता घर सुस्थितीत, अत्यंत स्वच्छ व राहण्यायोग्य आढळून आले. सदर महिलेने कोणतीही तक्रार नसल्याचे सांगितले आहे. सबब, पुढील प्रश्न उद्भवत नाहीत.

खरं सांगायचं तर पार्वतम्माला पहिल्यांदा आनंदच झाला. 'अत्यंत स्वच्छ' हे शब्द सरकारनं भर सभागृहात काढले होते, आणि ते ऐकायला सासू असायला हवी होती. तिनं पदर सारखा केला. मग तिला आजूबाजूच्या माणसांची तोंडं दिसली आणि आनंद जागच्या जागी विझला.

तिकडं आमदार फोटो फडकावत होते, गलका चालू होता. शेवटी मंत्री हसून म्हणाले की मी स्वतः त्या गावी जाईन, त्या माऊलीच्या घरी बसेन, आणि घर सन्माननीय सदस्य म्हणतात तसं असेल तर तिथूनच आदेश देईन. आणि नसेल, तर सन्माननीय सदस्यांनी माझ्यासमोर त्या माऊलीची माफी मागावी. सभागृह हसलं. मन्मथनं मोबाईल बंद केला.

संध्याकाळी शिवकन्याचा फोन आला. तिनंही ऐकलं होतं. ती रागावली नाही, म्हणून पार्वतम्मा जास्त घाबरली. "अव्वा, बॅग भरून ठेव," एवढंच ती म्हणाली. पार्वतम्मानं बॅग भरली. लुगडी, विभूतीची डबी, संगप्पाचा फोटो. बॅग भरताना तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं ती दोनदा रिकामी करून पुन्हा नीट घड्या घातल्या.

मंत्र्यांनी यायचं म्हटलं ते खरंच निघालं. संक्रांतीच्या अलीकडं त्यांचा उदगीरला दौरा होता, वाटेत बोरतळी. आणि मग सरकारनं जे केलं ते पार्वतम्मानं डोळ्यांनी पाहिलं. रस्त्यावर मुरूम पडला. नालीच्या कडेला चुन्याची पांढरी पावडर पडली. वैजनाथचे होते नव्हते तेवढे पडदे ग्रामपंचायतीनं भाड्यानं घेतले आणि ओढ्याकडच्या गल्लीतल्या सगळ्या पडक्या घरांपुढं ओळीनं बांधले. उत्तर आधीच नागपूरला जाऊन बसलं होतं, आता गावानं उत्तरासारखं दिसायचं होतं. शेवटी वैजनाथसकट चार माणसं पार्वतम्माच्या घरात आली, मागच्या भगदाडावर तोच केशरी-पांढरा पडदा बांधू लागली. मंडळ अधिकारी स्वतः उभा राहून चुण्या सारख्या करून घेत होता.

"साहेब, ह्ये कामून?"

"आजी, तुम्ही गेल्या खेपेला लावलं होतं तसंच. तेच बरं दिसतं."

पार्वतम्मा रात्रभर त्या पडद्याकडं बघत पडली. पडदा वाऱ्यानं फुगायचा आणि मागचा ओढा ऐकू यायचा. आपण लावला होता तेव्हा तो अब्रू वाटला होता. दुसऱ्यानं लावल्यावर नुसता पडदा दिसत होता, आणि मागं भिंत नाही हेही दिसत होतं. तरी सकाळी उठून सवयीनं तिनं मुरमुरे काढून ठेवले.

मंत्री आले. गाड्या, कॅमेरे, आमदार, हार. दारात चप्पल काढून आत आले, हे चांगलं केलं त्यांनी. खुर्चीवर बसले, हात जोडले आणि हसून म्हणाले, "काय आजी, बरं हाय ना?"

मन्मथनं मान खाली घातली, कारण त्याला उत्तर माहीत होतं. ते पार्वतम्माच्या जिभेवर आलंही होतं, इतक्या वर्षांचं, झिजून गुळगुळीत झालेलं. तिनं ते गिळलं.

"बरं न्हाई, साहेब," ती म्हणाली.

मंत्र्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. पार्वतम्मा उठली, मागच्या खोलीत गेली आणि पडद्याची दोरी ओढली. वैजनाथच्या गाठी कच्च्या असतात, हे सगळ्या लग्नांत दिसलेलं आहे. एक गाठ सुटली आणि पडदा आख्खाच्या आख्खा खाली आला, तो कडेला उभ्या मंडळ अधिकाऱ्याच्या डोक्यावर. समोर भगदाड, भगदाडात ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं सकाळच्या कामाला बसलेला एक माणूस. एवढे कॅमेरे आपल्याकडं वळलेले बघून तो डबडं घेऊन धोतर सावरत पळाला. वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' असा बोर्ड लावलेला होता, पण तो विषय त्या दिवशी पटलावर नव्हता.

"पाहुणा आला की आपलं दुखणं झाकायचं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं," पार्वतम्मा म्हणाली. "तुमच्या माणसाला कुणी शिकवलं म्हाईत न्हाई. त्या दिवशी मी झाकलं, माझं चुकलं. भिंत पुरानंच पडली. उन्हात पडली, पण पुरानं पडली. आन गल्लीत त्या पडद्याच्या मागं समद्यांची हालत अशीच हाय. ती बी बघून जावा."

मंत्री खुर्चीवरून उठले आणि भगदाडापर्यंत गेले. मग बाहेर जाऊन पहिला पडदा त्यांनी स्वतः बाजूला केला. कॅमेरे होते म्हणून केला असेल, पण केला. आमदारांना काय चेहरा करावा ते समजेना, कारण आपण जिंकलो की काय हे त्यांना नीट कळत नव्हतं. तलाठी ओसरीवर मांडी घालून पंचनामा लिहू लागला. निघताना मंत्री दारात जरा रेंगाळले. आपल्याकडं पाहुणा असा रेंगाळला की त्याचा अर्थ एकच असतो.

"चहा न्हाई, साहेब," पार्वतम्मा म्हणाली. "चहा भिंत झाल्यावर."

गाड्या गेल्या. धूळ बसली. आणि तेव्हा पार्वतम्मा उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. भिंतीसाठी नाही. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा दारातून पाहुणा चहाशिवाय गेला होता आणि ते तिला सोसत नव्हतं. मग डोळे पुसून तिनं मुरमुरे भिजवले आणि आख्ख्या गल्लीला सुशीला घातली. पडद्याखालून निघालेला मंडळ अधिकारीही कडेला उभा होता. त्यालाही दिली, पण बशी एकच.

त्या पंचनाम्याचं पुढं काय होणार हे सांगणं अवघड आहे. घरकुलाच्या यादीत नाव गेलं आहे, कार्यवाही सुरू आहे, आणि कार्यवाही सुरू असणं हा सरकारी आजार बरा व्हायला किती वर्षं घेतो ते कुणाला ठाऊक. तोवर मन्मथनं भगदाडाला पत्रे ठोकून दिले. संक्रांत तोंडावर आली. बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. शिवकन्याचा फोन आला.

"अव्वा, बरं हाय का?"

पार्वतम्मानं श्वास घेतला. "न्हाई ग. गुडघा धरलाय. पत्र्याच्या फटीतून रात्री वारं येतं. भ्या वाटतं एकटीला. आन त्या मंत्र्याला चहा दिला न्हाई त्येचं लई वाईट वाटायलंय."

पलीकडं शिवकन्या नाक ओढत म्हणाली, "मग ऱ्हा तिथंच."

"काय म्हणलीस?"

"ऱ्हा म्हणलं. असं खरं सांगणार असलीस तर ऱ्हा. ज्या दिवशी 'बरं हाय' म्हणशील त्या दिवशी मी गाडी घेऊन येते."

पार्वतम्मानं बॅग ओढून बाहेर काढली आणि लुगडी एकेक करून परत ट्रंकेत ठेवली. संगप्पाचा फोटो खुंटीला लावला. तेवढ्यात दारात शिवगंगा आली. तिला सुशीलेसाठी दिलेलं पातेलं परत न्यायचं होतं, आणि सगळेच विचारतात म्हणून तिनं विचारलं, "बरं हाय का पार्वतम्मा?"

"बस जरा," पार्वतम्मा म्हणाली. "सांगते."

शिवगंगेला उठायला दिवेलागण झाली.